दारावरचं नाव

आमच्या पुंडलिकनगरात घर बांधून झालं की पैसे संपतात आणि मग गेट बसवायचं असतं. वीस बाय तीसचा प्लॉट, वर एक मजला, भिंतींना अजून गिलावा नाही, खिडक्यांना कागद चिकटवलेले. पण गेट मात्र असं की त्यावर दोन मोर समोरासमोर, मध्ये कलश, कडेनं वेल आणि वरच्या टोकांना सोनेरी रंग दिलेले भाले. मला पूर्वी याचं हसू यायचं. घर अर्धं आणि दाराचा एवढा थाट! आता येत नाही. ते का येत नाही, हे सांगायचं तर मला शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, बेगमपुऱ्यात जावं लागेल.

बीबी का मकबरा पाहायला येणारा माणूस एक ओझं डोक्यावर घेऊनच येतो. ते ओझं आग्र्याचं. तिकीट काढण्याआधीच ‘दख्खनचा ताज’, ‘गरिबाचा ताज’ असली विशेषणं कानावर पडतात आणि मग समोरचा पांढरा घुमट आपण बघत नाही, त्याला मार्क देतो. घुमट लहान, मिनार अंगाला खेटलेले, संगमरवर पुरा नाही. या परीक्षेत इमारत नापास होते, कारण प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेची असते. मीही अनेक वर्षं पाहुण्यांना घेऊन हेच करत आलो. मग एका हिवाळ्यात ठरवलं की या खेपेला मधल्या इमारतीकडे बघायचंच नाही. फक्त कडेचं बघायचं: भिंत, बुरूज, दरवाजा, जाळ्या, बारादरी, आईनाखाना. सोबत आमच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. पन्नास वर्षं थापी चालवलेला माणूस. मकबरा त्यांनी लहानपणी उरसाला आल्यासारखा एकदाच पाहिला होता.

खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यात शिरलं की आधी भेटते ती भिंत. उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर अशा लांबट आयताला तिनं वेढलंय. भिंत उंच आहे, वर कंगोरे आहेत, ठरावीक अंतरावर बुरूज आहेत. दुरून पाहिली तर वाटावं, आत फौज असेल. पण दोन मिनिटं थांबून वाचली की लक्षात येतं, ही किल्ल्याची वेशभूषा आहे, किल्ला नव्हे. किल्ल्याच्या तटाला अंगभर दागिने नसतात. इथे भिंतीच्या पाठीपोटावर टोकदार कमानींचे बंद कोनाडे ओळीनं कोरलेत, दोन कोनाड्यांमध्ये चपटे खांब आहेत आणि त्यांच्या डोक्यावर इवले मिनार बसवलेत. शत्रूला अडवायचं काम या भिंतीला कधी नव्हतंच. तिला एकच काम: बाहेरची गडबड बाहेर ठेवायची आणि आत येणाऱ्याला चालता चालता लयीत आणायचं. कमान, खांब, कमान, खांब. थोडं अंतर गेलं की बुरूज. टाळकऱ्याच्या ठेक्यासारखं ते चालतं, आणि बुरुजाशी सम येते.

या लयीतली गंमत अशी की मधल्या इमारतीचे चार मोठे मिनार तुम्हाला पुढे दिसणारच असतात. भिंतीवरचे छोटे मिनार त्यांची आधी ओळख करून देतात. कीर्तनकार आख्यानाला हात घालण्याआधी पूर्वरंगात तोच विचार साध्या दृष्टांतातून पेरून ठेवतो, तसं. उत्तररंग रंगला तर श्रेय आख्यानाला मिळतं, पण जाणकार पूर्वरंग ऐकून उठतो.

दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर दरवाजा आहे. इथे मामा पहिल्यांदा थांबले. लाकडाच्या भल्या मोठ्या फळ्यांवर पितळी पत्रा जडवलाय आणि त्यावर पानाफुलांची नक्षी आहे. उन्हात पितळ झळकत नाही आता, मऊ तपकिरी दिसतं. साडेतीन शतकं हात लागलेत त्याला. वेल खालून वर चढते, फुटते, परत स्वतःकडे वळते. धातूच्या पत्र्यावर हे काम करणाऱ्याला खोडरबर नसतं. ठोका पडला की पडला.

आणि या दारावर एक गोष्ट आहे, जी मला या सगळ्या आवारातली सर्वांत मोलाची वाटते. इथल्या लेखात दोन नावं आहेत. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाचा रचनाकार मानल्या गेलेल्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. म्हणजे बापानं आग्र्यात बादशहाच्या बेगमेसाठी बांधलं आणि पोरानं दख्खनेत त्या बादशहाच्या सुनेसाठी. ही सून म्हणजे दिलरास बानू, औरंगजेबाची बेगम, जी १६५७ मध्ये याच शहरात बाळंतपणानंतर गेली. मृत्यूनंतर ती राबिया-उद-दौरानी म्हणून ओळखली गेली. काम १६६०-६१ च्या सुमाराचं मानतात.

ताजच्या आवारात सही आहे ती अमानत खानाची, म्हणजे अक्षरं लिहिणाऱ्या खुशनविसाची. बांधणाऱ्याची नाही. आपल्याकडे मात्र बांधणाऱ्यांची नावं आली, तीही घुमटावर नव्हे, कबरीजवळ नव्हे, तर दारावर. लाहोरच्या मुसलमान घराण्यातला एक आणि नावावरून हिंदू दिसणारा दुसरा, असे दोघं शेजारी शेजारी. त्यावरून कुणाला आजचा धडा काढायचा तर काढावा. मला त्यात एक जुनी, साधी गोष्ट दिसते: मोठ्या कामावर आराखडा करणारा एक लागतो आणि उभं करणारा दुसरा, आणि दोघांना एकमेकांवाचून चालत नाही.

दारातून आत शिरलं की एक छोटा हौद लागतो. नजर लगेच पांढऱ्या घुमटाकडे धावते. मी मुद्दाम खाली पाहिलं. दारापासून मधल्या चौथऱ्यापर्यंतच्या वाटेच्या कडेनं बुटक्या जाळीदार भिंती आहेत आणि वाटेच्या मध्यावर कारंज्यांची रांग. ही जाळी म्हणजे या आवारातला सर्वांत कमी बोलणारा, पण सर्वांत हुशार भाग. ती बाग झाकतही नाही आणि उघडीही टाकत नाही. चालताना भोकांमधून हिरवं लुकलुकत राहतं, थांबलात तर एक तुकडा दिसतो, पुढे सरकलात तर तो तुकडा हलतो. म्हणजे बाग तुम्हाला एकदम मिळत नाही, हप्त्याहप्त्यानं मिळते. समोर घुमट मात्र सबंध, ढळढळीत. दोन्हींचा हा विरोध नसता, तर घुमट इतका स्थिर वाटला नसता.

आता या आवाराच्या नकाशातली खरी मेख. ताजमहालात कबर बागेच्या टोकाला आहे, यमुनेच्या काठावर; बागेच्या मधोमध आहे तो पाण्याचा हौद. इथे तसं नाही. इथे कबर चारबागेच्या बरोबर मध्यावर आहे, दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीसारखी. हा फरक छोटा वाटतो, पण त्यानं सगळं पालटतं. इमारत टोकाला असली की तिच्या मागे काही लागत नाही, नदी असतेच. इमारत मध्यावर आली की तिच्या चारही बाजूंना नजर सुटते, आणि त्या नजरेला कुठेतरी नेऊन टेकवावं लागतं. नाहीतर ती कोऱ्या भिंतीवर आपटते. म्हणून दक्षिणेला दरवाजा, उत्तरेला बारादरी, पूर्वेला आईनाखाना, आणि पश्चिमेच्या भिंतीतही तशीच वास्तू. या इमारती शोभेला जोडलेल्या नाहीत. त्या नसत्या तर मधल्या इमारतीचे हात हवेत लोंबकळत राहिले असते. गाण्यात तानपुरा असतो तशा त्या आहेत. गवई त्यांच्यावर टेकून गातो आणि टाळ्या गवयाला पडतात.

आम्ही घुमटाला वळसा घालून सरळ उत्तरेला गेलो. इकडे पर्यटक फारसे येत नाहीत. फोटो काढून झाले की लोक परत फिरतात. बारादरी म्हणजे नावाप्रमाणे बारा दारांची, म्हणजे चहूकडून वारा खेळणारी बसायची जागा. तिथे बसून मागे वळून पाहिलं की कबरीची पाठ दिसते. पाठ हा शब्द चुकीचाच, कारण चौरस इमारतीला पाठ नसते. दक्षिणेकडून तिला गर्दी असते, कारंजी असतात, ओळखीचा फोटो असतो. उत्तरेकडून ती नुसती इमारत असते, डोंगरांच्या बाजूनं पाहिलेली. तेच मिनार, तोच घुमट. पण इथून ताजमहाल आठवत नाही. मला वाटतं, जाणकार माणसानं मकबरा पहिल्यांदा इथून पाहावा.

इथेच मामांनी भिंतीला हात लावला. तळवा फिरवला, मग नख, मग परत तळवा.

“सर, हे थापीचं काम नाही,” ते म्हणाले. “घोटलंय हे.”

“म्हणजे?”

“चुना मुरवायचा, घाणीत दळायचा, थरावर थर द्यायचे, आणि वरचा थर ओला असताना दगडानं घोटत बसायचं. चकाकी येईस्तवर. सिमेंट तासाभरात पकडतं. चुना वर्षभर हवा खात बसतो आणि मग दगड होतो.”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण रसायनशास्त्राच्या पुस्तकात तेच लिहिलेलं असतं: विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत परत चुनखडीसारखा होतो. दगड भाजून चुना करायचा, पाण्यानं विरवायचा, आणि भिंतीवर चढवून त्याला पुन्हा दगड व्हायला सोडायचं. आपल्या जुन्या मिस्त्र्यांनी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालून त्याची चिकाटी वाढवली.

इथे माझ्या मनातली एक गाठ सुटली. मधल्या इमारतीत संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता आणि मग थेट घुमटाला. मधलं सगळं अंग आपल्या काळ्या दगडाचं, बेसॉल्टचं, आणि त्यावर हा चुन्याचा गिलावा. जयपूरकडच्या खाणींतून संगमरवर आणायचा म्हणजे काय, हे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये लिहून गेलाय: सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला संगमरवरानं लादलेल्या तीनशे गाड्या भेटल्या आणि लहानातल्या लहान गाडीला बारा बैल होते. एवढं करूनही जे पुरलं नाही, ते चुन्यानं भरून काढलं. गुलाम मुस्तफाच्या तवारिखनाम्यात एकूण खर्चाचा आकडा आहे: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख सांगतात. तेव्हा मकबऱ्याच्या अंगावर चुना आला तो काटकसरीतून, हे खरंच. आणि तिथे त्याला नक्कल करावी लागली. संगमरवराच्या शेजारी उभं राहून संगमरवर असल्याचं सोंग घ्यावं लागलं. डोळा ते ओळखतो, आणि लोक ‘गरिबाचा’ म्हणतात ते तिथेच.

पण कडेच्या वास्तूंत चुन्याला कुणाचं सोंग घ्यायचं नाही. बारादरीच्या कमानीत, आईनाखान्याच्या महिरपीत, भिंतीच्या कोनाड्यांत शेजारी संगमरवर नाहीच, मग तुलना कुणाशी? तिथे चुना चुन्यासारखा वागतो. त्याची कड दगडासारखी कातीव नाही, किंचित गोलावलेली आहे. पाकळी कोरलेली नाही, ओल्यात हातानं उठवलेली आहे. बोटाचा दाब कुठे कमी, कुठे जास्त पडल्यासारखा. आणि ही भाषा उत्तरेतून आलेली नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही मशिदी आणि कबरी पाहा, १५९१ चा हैदराबादचा चारमिनार पाहा: दख्खनचा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चुन्यात फुलं उठवत आला होता. अताउल्लानं आराखडा आग्र्याहून आणला असेल, पण तो उभा करणारे हात, काळा दगड आणि चुना ही गोष्ट इथलीच असणार. मधल्या इमारतीवर या हातांना परक्या भाषेत पाठांतर करावं लागलं. कडेला आल्यावर ते घरच्या बोलीत मोकळं बोलले. म्हणून मला मकबऱ्याच्या मजकुरापेक्षा त्याचा समास जास्त आवडतो.

पूर्वेचा आईनाखाना हे नावच किती सुरेख. आईना म्हणजे आरसा. आरसा काचेचाच असला पाहिजे असं कुठे आहे? मामा म्हणाले तसा घोटलेला, ओलाव्यासारखा चमकणारा चुना हाही आरसाच. फरक एवढाच की काचेत चेहरा दिसतो आणि चुन्यात फक्त प्रकाश. दुपार कलली, सूर्य पश्चिमेला घुमटामागे गेला, आणि पूर्वेच्या या महिरपींवर उजेड तिरपा पडला. पांढऱ्यात किती पांढरं असतं ते तेव्हा कळलं: कोनाड्याच्या खोलीत निळसर, कमानीच्या कडेवर पिवळट, फुलाच्या उठावावर दुधासारखं. एकाच रंगात एवढे सूर लावायला फक्त खोली-उंचीचा हिशेब लागतो. बोटभर खोल, अर्धं बोट वर. बस.

दोष दाखवल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही, तेव्हा तेही. पहिला दोष मधल्या इमारतीचा, आणि तो जुनाच: मिनार जरा जाड आणि कबरीच्या जरा जवळ, त्यामुळे घुमटाला श्वास घ्यायला जागा कमी. दुसरा दोष नंतर आलेला. चौथऱ्यावर पश्चिमेला मशीद आहे, ती निजामाच्या काळातली भर. ती स्वतः वाईट नाही, पण तिनं पश्चिमेची वाट बुजवली. आज चौथऱ्यावर तीन बाजूंनी पायऱ्या चढतात, चौथ्या बाजूला मशीद आडवी येते. त्यामुळे चार दिशांच्या त्या देवघेवीत एक दिशा मुकी झाली. पूर्व बोलते, उत्तर बोलते, दक्षिण तर बोलतच असते. पश्चिमेचं उत्तर मात्र मधेच अडतं. एक आडवी इमारत समेवर कशी बसते आणि बेसमेवर कशी, हे इथे शेजारी शेजारी शिकायला मिळतं. कडेची वास्तू नम्र असली की मोठीला मोठं करते. जागा सोडून मध्ये आली की दोघीही लहान होतात.

आणि तिसरा दोष पाण्याचा. कारंजी कोरडी असली की त्या जाळीदार वाटेचा अर्धा अर्थ जातो. पाण्याचा आवाज, जाळीतून येणारा गार वारा, हे सगळं त्या वाटेचं व्याकरण होतं. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे मला कोरड्या कारंज्यावर बोलायचा अधिकार नाही. पण परतीच्या वाटेवर खामच्या काठी पाणचक्की लागते, तिथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी मी मामांना मुद्दाम उतरवलं. उत्तरेच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी तिथे स्तंभावर चढतं, वरून हौदात कोसळतं, आणि एके काळी त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरून फकिरांसाठी पीठ पडायचं. हौदाखाली खांबांच्या रांगांवर उभं तळघर आहे. वरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही गार राहतं. हौद म्हणजे छप्पर आणि छप्पर म्हणजे हौद. कामाची वास्तू आणि देखणी वास्तू असा भेद तेव्हाच्या माणसानं मानला नव्हता, याचा हा पुरावा. पीठ दळायचंय ना? मग पाणी देखणं पडलं तर काय बिघडलं?

मामा हौदाच्या कठड्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, ते ७ आणे कुणाचे असतील?”

मी हसलो. पण प्रश्न खरा होता. सहा लाख अडुसष्ट हजारांच्या हिशेबात कुणीतरी शेवटचे सात आणे लिहिले. खिळ्यांचे असतील, दोरखंडाचे असतील, नाहीतर कुणा चुना घोटणाऱ्याच्या मजुरीचे.

संध्याकाळी गल्लीत परतलो. आमच्या कोपऱ्यावरच्या घराला त्याच आठवड्यात गेट बसलं होतं. भिंतींना गिलावा नव्हता अजून. मोर होते, वेल होती, वर भाले होते. स्कूटर थांबवून मी जवळ गेलो. वेल खालून वर चढत होती, फुटत होती, परत स्वतःकडे वळत होती; वेल्डिंगचे मणी कुठे जाड, कुठे बारीक. आणि खाली, कडीच्या शेजारी, पत्र्याची छोटी पाटी वेल्ड केलेली होती: गेट बनवणाऱ्याचं नाव आणि त्याचा मोबाइल नंबर.

घर कुणी बांधलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दारावर मात्र नाव होतं.